नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात सांगते ते नाव ठेवणे. आणि घुगऱ्या घेऊन घरी परतताना शेजारणी त्या नावाबद्दल जे बोलतात ते नावे ठेवणे. मराठीत या दोन क्रियांमध्ये एका मात्रेचे अंतर आहे, आणि व्यवहारातही त्या एकमेकींपासून फारशा दूर राहत नाहीत. गल्लीला नाव द्या, मंडळाला द्या, नाहीतर एखाद्या पदाला द्या. ‘हे कसले नाव?’ असे विचारणारा कोणीतरी निघतोच. प्रस्तुत लेखात ज्या वादांची ओळख करून द्यायची आहे ते याच जातीचे आहेत. फरक इतकाच, की ते संगणकाच्या भाषांमधील शब्दांवरून आणि वाक्यरचनेवरून झालेले आहेत. कला शाखेच्या अंकात संगणक कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण शब्द कोणता असावा, तो कोणी ठरवावा आणि तो वापरणाऱ्याला जड जातो की हलका, हे प्रश्न भाषेचे आहेत. आणि भाषेच्या प्रश्नावर कला शाखेने गप्प का बसावे?

या विषयाकडे मी वळलो तो माझ्याच एका चुकीमुळे. आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागातले. घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाकावर शेजारी बसणाऱ्या मित्राच्या घरी कन्नड आणि गल्लीच्या टोकाला उर्दू, असा आमचा भाषांचा संसार. मी सातवीत असताना सुट्टीत वडिलांबरोबर टॉवेलच्या कारखान्यात जात असे. एकदा मुकादमांनी गठ्ठे मोजून मोठ्याने ‘सत्तावीस डझन’ असे सांगितले, आणि मी वहीत ७२ लिहिले. संध्याकाळी हिशेब जुळेना. वडिलांनी वही पाहिली, माझ्याकडे पाहिले, आणि सर्व गठ्ठे पुन्हा मोजावे लागले. चूक माझी होती, पण ती कशी झाली हे मला पुष्कळ दिवसांनी उमगले. ‘सत्तावीस’ म्हणताना आधी सात ऐकू येतो, मग वीस. कानाने जे आधी ऐकले ते हाताने आधी लिहिले. आमची अव्वा, म्हणजे आजी, याच संख्येला ‘इरवै एडु’ म्हणते. इरवै म्हणजे वीस आणि एडु म्हणजे सात. तिच्या तोंडून ऐकून लिहिले असते तर दोन आधी आला असता आणि सात नंतर.

पुढे महाविद्यालयात कौशल्याचा एक विषय म्हणून पायथन नावाची संगणकभाषा शिकण्याचा योग आला. तिच्या इतिहासात शिरल्यावर मला आश्चर्य वाटले. जगभरचे हुशार लोक एका चिन्हावरून, एका कंसावरून महिनोन् महिने भांडले होते. तेव्हा मला त्या वहीतल्या ७२ ची आठवण झाली.

संगणकाची भाषा

प्रथम थोडी पूर्वपीठिका. यंत्राला शेवटी शून्य आणि एक या दोनच खुणा कळतात. माणसाला त्या खुणांत बोलणे अशक्यप्राय आहे. म्हणून मध्यस्थ अशी एक लेखी भाषा तयार करतात. माणसाने त्या भाषेत आज्ञा लिहायच्या, आणि दुसऱ्या एका आज्ञावलीने त्यांचे यंत्राच्या खुणांत रूपांतर करायचे. अशा भाषेत थोडे राखीव शब्द असतात, काही चिन्हे असतात, आणि ती कोणत्या क्रमाने मांडायची याचे नियम असतात. ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य ‘खाल्ला आंबा रामाने’ असे उलटे केले तरी मराठी माणसाला अर्थ कळतो, कारण विभक्तीचे प्रत्यय अर्थ सांभाळून घेतात. संगणक असे काही सांभाळून घेत नाही. एक कंस राहिला तरी तो काम थांबवतो. म्हणून नियम कोणता असावा हे ठरविण्याला तेथे फार महत्त्व येते.

काही संगणकभाषा एखाद्या कंपनीच्या मालकीच्या असतात. याउलट, ज्यांचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, वापरता येतो, बदलता येतो आणि पुढे देता येतो, त्यांना मुक्त स्रोत भाषा म्हणतात. पायथन ही त्यांपैकी एक. हॉलंडमधील गिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या डिसेंबरात तिची सुरुवात केली आणि १९९१ साली ती लोकांपुढे आली. तिचे नाव अजगरावरून ठेवले आहे अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः व्हान रॉसम यांना माँटी पायथन नावाच्या ब्रिटिश विनोदी मंडळीचे कार्यक्रम आवडत, त्यावरून त्यांनी हे नाव घेतले. पण लोकांनी नावाचा सरळ अर्थ धरला, आणि आज त्या भाषेच्या बोधचिन्हात दोन साप आहेत! नाव एकदा बाहेर पडले की ते ठेवणाऱ्याचे राहत नाही, याचे एवढे चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

भाषा मुक्त, मग तिच्यात बदल कोणी करायचा? पायथनमध्ये २००० सालापासून यासाठी प्रस्तावांची पद्धत आहे. ज्याला बदल हवा त्याने क्रमांक असलेला लेखी प्रस्ताव मांडायचा. त्यात बदल का हवा, कसा हवा, त्याने जुने काय मोडेल हे सांगायचे. मला विशेष वाटले ते असे, की जे पर्याय विचारात घेऊन नाकारले ते आणि नाकारण्याची कारणेही त्याच प्रस्तावात नोंदवून ठेवतात. पुढे कोणी तीच सूचना घेऊन आला, तर पूर्वी काय बोलणे झाले हे त्याला वाचता येते.

एक कंस आणि अकरा वर्षे

या पद्धतीतून झालेला एक बदल अगदी साधा दिसतो. पडद्यावर काही दाखवायचे असेल तर पायथनमध्ये ‘प्रिंट’ हा शब्द वापरतात. पूर्वी त्या शब्दापुढे मजकूर नुसता लिहिला की चाले. नव्या आवृत्तीत मजकुराभोवती कंस आवश्यक झाला. कारण असे, की भाषेतील इतर बहुतेक कामे कंस घालून सांगायची आणि ‘प्रिंट’ला मात्र निराळा नियम, हा अपवाद काढून टाकायचा होता. शिकणाऱ्याने एकच नियम लक्षात ठेवावा, हा हेतू चांगला होता. पण ज्यांनी वर्षानुवर्षे बिनकंसाचे लिहिले होते त्यांच्या आज्ञावल्या नव्या आवृत्तीत चालेनात. अर्थात तो एकच बदल नव्हता. इतरही काही नियम त्याच वेळी बदलले. नवी आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी आली, आणि जुन्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबविण्यात आली. म्हणजे जुन्या रहिवाशांना नव्या घरात जायला अकरा वर्षे दिली गेली.

अपवाद काढले की नवख्याचे ओझे कमी होते, पण जुन्याची सवय मोडते, हे या उदाहरणावरून ध्यानात येईल. पुढे ज्या वादाकडे जायचे आहे त्याचे मूळही येथेच आहे.

वॉलरसचे चिन्ह

दुसरे उदाहरण अधिक गाजले. गणितात = या चिन्हाचा अर्थ दोन्ही बाजू समान असा आपण शिकतो. पुष्कळशा संगणकभाषांत मात्र त्याचा अर्थ ‘उजवीकडची किंमत डावीकडच्या नावाला द्या’ असा आहे. त्यामुळे ‘गुण = गुण + १’ हे विधान गणिताच्या वहीत चूक, पण संगणकावर रास्त. त्याचा अर्थ, गुण एकाने वाढवा. दोन गोष्टी समान आहेत काय, असे विचारायचे असेल तर = हे चिन्ह दोनदा लिहावे लागते. सी नावाच्या जुन्या भाषेत असे विचारताना चुकून एकच चिन्ह पडले तर प्रश्नाची आज्ञा होऊन बसते. ‘तुझे नाव राम आहे काय?’ असे विचारायला जावे आणि तोंडातून ‘आजपासून तुझे नाव राम!’ असे निघावे, तसा हा प्रकार. ही चूक होऊ नये म्हणून पायथनमध्ये प्रश्नाच्या जागी नामकरण करण्यास मनाईच होती.

२०१८ साली प्रस्ताव क्रमांक ५७२ आला. विचारता विचारता नाव देण्याची सोय असावी, मात्र त्यासाठी := असे निराळे चिन्ह असावे, अशी ती सूचना होती. मान कलती करून पाहिले तर हे चिन्ह दोन डोळे आणि दोन सुळे असलेल्या वॉलरस या समुद्रप्राण्यासारखे दिसते, म्हणून त्याला तेच टोपणनाव पडले. समर्थक म्हणत, दोन ओळींचे काम एका ओळीत होते आणि तीच आकडेमोड पुन्हा करावी लागत नाही. विरोधक म्हणत, ही भाषा वाचायला सोपी म्हणून नावाजली गेली. आता नाव देण्याची दोन चिन्हे झाली तर नवख्याने कोणते केव्हा वापरायचे? दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. शेवटी जुलै २०१८ मध्ये व्हान रॉसम यांनी प्रस्ताव मान्य केला.

त्यांना गमतीने त्या भाषेचे ‘दयाळू तहहयात हुकूमशहा’ म्हणत. अखेरचा शब्द त्यांचा असे. परंतु १२ जुलै २०१८ रोजी त्यांनी तो अधिकार सोडत असल्याचे जाहीर केले. एका प्रस्तावासाठी इतके भांडावे लागावे आणि एवढ्या लोकांना आपल्या निर्णयांचा तिटकारा यावा, हे पुन्हा नको, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. २०१९ च्या आरंभी पाच जणांचे निवडून दिलेले मंडळ कारभार पाहू लागले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते चिन्ह भाषेत दाखल झाले. दोन टिंबे आणि दोन आडव्या रेघा यांपायी एका भाषेची राज्यपद्धती बदलली!

सायकलींचे छप्पर

हे वाचून कोणी म्हणेल, हा सारा रिकामटेकडेपणा आहे. या आक्षेपालाही तिकडे एक नाव आहे. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ च्या आपल्या ‘पार्किन्सन्स लॉ’ या पुस्तकात एका समितीची गोष्ट रंगविली आहे. त्या समितीत अणुभट्टीचा प्रचंड खर्च काही मिनिटांत मंजूर होतो, कारण त्यातले कोणाला काही कळत नाही. आणि सायकली ठेवण्याच्या छपरावर मात्र लांबलचक चर्चा होते, कारण छप्पर सर्वांनाच कळते. १९९९ साली डेन्मार्कच्या एका संगणकतज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यांना याच गोष्टीची आठवण करून दिली, आणि तेव्हापासून क्षुल्लक गोष्टींवरच्या लांबणीला त्या वर्तुळात ‘सायकलींचे छप्पर’ म्हणू लागले. आपल्या स्नेहसंमेलनाच्या सभा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. खर्चाचा तक्ता मुकाट्याने पुढे सरकतो, आणि मंडपाच्या पडद्याचा रंग रात्री नऊपर्यंत ठरत नाही.

परंतु नावावरचा प्रत्येक वाद सायकलींचे छप्पर नसतो. छप्पर हिरवे झाले काय नि लाल झाले काय, सायकलींना काही होत नाही. नाव किंवा क्रम चुकला तर कोणाला तरी रोज त्याची किंमत मोजावी लागते. ती कोण मोजतो, एवढे पाहिले की वाद क्षुल्लक आहे की महत्त्वाचा, हे कळते. यासाठी आता परदेशातून आपल्या महाराष्ट्रात येऊ.

सत्तावीस की वीस सात

२०१९ च्या जून महिन्यात आपल्या राज्यात एक वाद पेटला होता, तो वाचकांना आठवत असेल. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसपासून पुढच्या संख्यांचे वाचन ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशा रीतीने दिले होते. गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. (१७ जुलै २०२३ रोजी त्यांचे निधन झाले.) त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: मराठी संख्यानामांत जोडाक्षरे पुष्कळ, शिवाय बोलताना एकक आधी आणि लिहिताना दशक आधी, त्यामुळे लहान मुलांचा गोंधळ उडतो, दक्षिणेकडील भाषांत दशक आधी बोलतात, तशी वाट मुलांना दाखवावी. जुनी नावे काढून टाकलेली नाहीत, दोन्ही पद्धती आहेत, असा खुलासाही झाला. तरी वर्तमानपत्रांपासून विधानसभेपर्यंत चर्चा आणि कोट्या झाल्या. भाषेची मोडतोड चालली आहे, व्यवहारात जे कोणी बोलत नाही ते शिकवून काय साधणार, मुले बाजारात हसू करून घेतील, असे आक्षेप आले.

या वादाकडे संगणकभाषेच्या चष्म्यातून पाहिले तर काय दिसते? मराठी संख्यानामे ही अपवादांनी भरलेली वाक्यरचना आहे. ‘दोन’ हा एकच अंक बावीसमध्ये ‘बा’ होतो, बत्तीसमध्ये ‘ब’, बेचाळीसमध्ये ‘बे’ आणि ब्याऐंशीत ‘ब्या’. एकोणतीस, एकोणचाळीस अशी ‘एक उणे’ची पायरी एकोणनव्वदपर्यंत नेमाने येते, आणि नव्व्याण्णवला ती अचानक सुटते. आपण हे सर्व लहानपणी पाढ्यांच्या चालीवर पाठ केलेले असते, म्हणून त्यातला खडबडीतपणा आपल्याला जाणवत नाही. ‘प्रिंट’ला कंस नसण्याची ज्यांना सवय होती, त्यांनाही तो अपवाद जाणवत नव्हता.

आणि सोलापुरात या वादाला आणखी एक पदर आहे. तेलुगूत ७२ म्हणजे ‘डेब्बै रेंडु’, कन्नडमध्ये ‘एप्पत्तेरडु’. दोन्हींत सत्तर आधी आणि दोन नंतर. मराठीत बहात्तर आणि उर्दूत बहत्तर; तेथे दोन आधी. म्हणजे आमच्या एकाच वर्गात दोन क्रमांची मुले शेजारी शेजारी बसलेली असतात. ज्यांच्या घरी क्रम एक आणि शाळेत दुसरा, त्यांनी ही गाठ मुकाट्याने एकट्याने सोडवायची असते.

माझी धाकटी बहीण २०१९ साली दुसरीतच होती. एका संध्याकाळी ती मोठ्याने ‘वीस सात’ असे वाचत होती. अव्वाला मराठी वाचता येत नाही. बोलणे जुजबी समजते. ती विड्यांची पाने कापता कापता थांबली आणि म्हणाली, हे तर आपल्यासारखेच आहे, इरवै एडु! त्या दिवशी पहिल्यांदा अव्वाने नातीचा गणिताचा अभ्यास घेतला. वडिलांना मात्र ते रुचले नाही. ते म्हणाले, ‘कारखान्यात वीस सात डझन म्हणून कोण ऐकणार? पोरीला व्यवहारातले आकडे आले पाहिजेत.’ मला वाटते, राज्यात चाललेला सारा वाद त्या दिवशी आमच्या ओसरीवर झाला, आणि दोघांचेही बरोबर होते. अव्वा शिकणाऱ्याच्या बाजूने बोलत होती, वडील वापरणाऱ्यांच्या बाजूने.

दशक आधी बोलणे मराठीला अगदीच परके आहे असेही नाही. खेड्यातली अशिक्षित माणसे विसांच्या मापाने मोजत आली आहेत. ‘दोन विसा नि पाच’ म्हणजे पंचेचाळीस. यातही मोठे माप आधी आणि सुटे नंतर. नॉर्वे देशात पूर्वी ‘एक आणि वीस’ असे म्हणत. दूरध्वनीचे क्रमांक सांगताना होणारा घोटाळा हे एक कारण पुढे आले, आणि १ जुलै १९५१ पासून तेथे ‘वीस एक’ हा क्रम अधिकृत झाला. तरीही जुना क्रम बोलण्यातून नाहीसा झाला नाही. जर्मन भाषेत आजही आपल्याप्रमाणेच एकक आधी बोलतात, आणि त्यांचे गणित काही वाईट नाही.

अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे

गंमत अशी, की आधी मोठे की आधी लहान हा वाद यंत्रांतही आहे. मोठी संख्या संगणकाच्या स्मृतीत तुकड्यांनी ठेवावी लागते. काही यंत्रे मोठ्या किमतीचा तुकडा आधी ठेवत, काही लहान किमतीचा. दोन यंत्रांना एकमेकांशी बोलायचे झाले की आमच्या वहीसारखाच घोटाळा होई. डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० रोजी या भांडणावर एक निबंध लिहिला आणि दोन्ही पक्षांना जोनाथन स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधून नावे दिली. १७२६ च्या त्या कादंबरीत अंडे मोठ्या टोकाकडून फोडावे की लहान, यावरून युद्धे होतात. इंग्रजी साहित्याच्या वर्गात आपण जी गोष्ट वाचतो, तिच्यातली ती नावे आज संगणकाच्या पाठ्यपुस्तकांत रूढ झाली आहेत. कोहेन यांचा निष्कर्ष असा, की कोणता क्रम घ्यावा यापेक्षा सर्वांनी एकच क्रम घेणे अधिक महत्त्वाचे.

यंत्रांपुरते हे खरे आहे, कारण यंत्राला दोन्ही क्रम सारखेच. मुलाला ते सारखे नसतात. एक क्रम त्याच्या आजीचा असतो आणि दुसरा त्याच्या मुकादमाचा. म्हणून माणसांच्या बाबतीत नुसते ‘एकमत करा’ म्हणून भागत नाही. एकापासून दुसऱ्यापर्यंत जायला पूल लागतो.

हिशेब की हिशोब

असाच एक पूल पायथनमध्ये बांधला गेला आहे. आज्ञावली लिहिताना आपण ज्या गोष्टींना नावे देतो ती पूर्वी रोमन लिपीतच असावी लागत. २००७ साली प्रस्ताव क्रमांक ३१३१ ने सुचविले, की जगातल्या इतर लिप्यांतील नावेही चालावीत. आक्षेप आला की मग एकाचे लिहिलेले दुसऱ्याला वाचता येणार नाही, टंकताही येणार नाही. उत्तर आले की ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी निदान आपल्या कामापुरते आपल्या भाषेत लिहावे. प्रस्ताव मान्य झाला. मात्र खुद्द पायथनबरोबर येणाऱ्या सामायिक आज्ञावल्यांत रोमन लिपीच वापरावी आणि शक्य तेथे इंग्रजी शब्द घ्यावेत, असा दंडक ठेवला. घरात घरची भाषा, चावडीवर चावडीची.

मी टॉवेलच्या हिशेबाची एक छोटी आज्ञावली लिहून पाहिली. ‘एकूण = डझन × १२’ अशा अर्थाची ओळ देवनागरी नावांनी लिहिता आली. राखीव शब्द इंग्रजीच राहिले, आणि आज्ञावलीच्या मजकुरातले अंकही इंग्रजीच लिहावे लागले. पण वापरणाऱ्याने टंकलेले देवनागरी ‘२७’ मात्र पायथनला बरोबर कळले. एके ठिकाणी मी ‘हिशेब’ लिहिले आणि दुसरीकडे ‘हिशोब’, आणि काम थांबले. यंत्राच्या दृष्टीने ती दोन निरनिराळी नावे होती. शुद्धलेखनावरून आमच्या वहीत तांबडी शाई सांडणाऱ्या सरांची त्या दिवशी फार आठवण झाली.

तीन प्रश्न

शब्द ठरविण्याचे हे काम आपल्याकडे नवे नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश रचला गेला आणि कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. पेशव्यांना पंतप्रधान म्हणायचे ठरले. तरी लोक पुढे दीडशे वर्षे पेशवेच म्हणत राहिले. आणि आज पेशवे इतिहासात राहिले, पण पंतप्रधान हा शब्द रोज वर्तमानपत्रात असतो. सावरकरांनी सुचविलेले महापौर, दिनांक, क्रमांक हे शब्द इतके रुळले, की ते कोणी सुचविले हेही आपण विसरलो. त्यांनी सुचविलेले सगळेच शब्द मात्र टिकले नाहीत. अखेरचा निकाल बोलणारी माणसे देतात, आणि तो द्यायला कधी कधी शतके घेतात.

म्हणून नावाच्या वादात उतरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. हे नाव कोण वाचणार आणि बोलणार? बदलाची किंमत कोण मोजणार. जुन्या सवयीचा माणूस एकदा, की नवा शिकणारा पिढ्यान् पिढ्या? आणि निर्णयाची कारणे, नाकारलेल्या पर्यायांसह, कोठे लिहून ठेवली आहेत काय? २०१९ च्या वादात कोट्यांना जेवढी जागा मिळाली तेवढी या प्रश्नांना मिळाली असे मला दिसले नाही. आणि घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलांना कोणी विचारल्याचे तर मला आठवत नाही. माझे मत विचाराल तर ‘वीस सात’ हे समजण्यासाठी ठेवावे आणि ‘सत्तावीस’ हे व्यवहारासाठी. दोन क्रम माहीत असणे हे ओझे आहे खरे, पण सोलापूरची मुले ते रोज वाहतात. त्यांना फक्त कोणीतरी सांगायला हवे, की हे दोन क्रम आहेत आणि घोटाळा तुझ्या बुद्धीचा नाही.

मला हे सांगणारे सातवीत कोणी नव्हते. बहिणीला ते एका वादग्रस्त पुस्तकाने सांगितले. ती आता माध्यमिक शाळेत आहे. कारखान्यात वडिलांना ती ‘सत्तावीस डझन’ म्हणून सांगते, घरी येऊन अव्वाला ‘इरवै एडु’ सांगते, आणि वहीत न चुकता २७ लिहिते.

आपल्या मराठी विभागाने आणि संगणकाच्या प्रयोगशाळेने मिळून एक लहानसे काम हाती घ्यावे, अशी विनंती करून लेख संपवितो. या शहराच्या हातमागांवर, यंत्रमागांवर आणि विडीच्या कामात जे शब्द बोलले जातात त्यांची यादी करावी, आणि हिशेबाच्या आज्ञावल्या लिहिताना तीच नावे वापरून पाहावीत. यादी जाहीर असावी, कोणालाही तिच्यात सुधारणा सुचविता यावी, आणि कोणता शब्द का घेतला नाही हेही तिच्यात लिहिलेले असावे. त्या यादीला नावे ठेवणारे पुष्कळ भेटतील. त्यांना यादीतच जागा करून द्यावी.